आता मोजून काय करायचे?

'निकाल' हा मराठीतला मोठा मिस्कील शब्द आहे. परीक्षेचा निकाल लागतो, खटल्याचा लागतो, निवडणुकीचा लागतो. आणि माळ्यावर पडून राहिलेल्या मोडक्या खुर्चीचाही दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी एकदाचा निकाल लावून टाकतो. एकाच शब्दाने आपण दोन अगदी निराळ्या गोष्टी सांगत असतो. पहिल्या अर्थी झाकलेले काहीतरी उघडकीला यावे, खरे काय ते कळावे, अशी अपेक्षा असते. दुसऱ्या अर्थी कळण्याबिळण्याचा काही प्रश्न नसतो. डोळ्यांसमोरची अडचण दूर झाली म्हणजे झाले. मग 'निकाल लवकर लागू दे' असे माणसे जेव्हा म्हणतात, तेव्हा त्यांना या दोहोंपैकी काय हवे असते? सत्य, की सुटका? हा प्रश्न माझ्या मनात घोळू लागला तो एका फार लहान राज्यातल्या एका फार लहान आकड्यामुळे. राज्य हवाई, वर्ष १९६०, आणि आकडा ११५.

हवाई म्हणजे पॅसिफिक महासागरात विखुरलेली बेटे. १८९३ पर्यंत तेथे राजघराणे नांदत होते. त्या वर्षी राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली, आणि २१ ऑगस्ट १९५९ रोजी हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. त्यामुळे ८ नोव्हेंबर १९६० ची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तेथल्या लोकांच्या दृष्टीने पहिलीच. एका बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केनेडी, दुसऱ्या बाजूला रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन. निक्सन तेव्हा देशाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक येतात, आणि राज्यात ज्याला अधिक मते त्याच्या पदरात त्या राज्याचे सारे निर्वाचक, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. १९६० साली देशभरात असे ५३७ निर्वाचक होते आणि जिंकायला २६९ पुरे होते. हवाईच्या वाट्याला आले होते अवघे तीन. केनेडींच्या पारड्यात हवाई वगळूनच ३०० निर्वाचक पडले होते. निक्सन यांना हवाई मिळाले असते तरी त्यांची मजल २२२ च्या पुढे जात नव्हती. तात्पर्य, हवाईने काहीही कौल दिला तरी व्हाइट हाउसमध्ये कोण राहायला जाणार, हे केव्हाच ठरून गेले होते.

आणि नेमक्या याच राज्यात मोजणीचा गुंता झाला. पहिल्या आकड्यांत केनेडी किंचित पुढे दिसत होते. बेरजा तपासून पाहिल्या तेव्हा त्यांत चुका निघाल्या आणि निक्सन १४१ मतांनी पुढे गेले. २८ नोव्हेंबरला, गव्हर्नरांच्या गैरहजेरीत त्यांचे काम पाहणाऱ्या जेम्स केआलोहा यांनी निक्सन यांच्या निर्वाचकांच्या दाखल्यावर सही केली. दुसऱ्या अर्थाने निकाल लागला. खुर्ची माळ्यावरून खाली आली.

पण काही मतदारांनी न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीश रोनल्ड जेमिसन यांनी फेरमोजणीचा हुकूम दिला आणि १३ डिसेंबरला कागदाच्या मतपत्रिका पुन्हा हातात घेतल्या गेल्या. आधी काही निवडक केंद्रांच्या, मग साऱ्या राज्याच्या. दरम्यान १९ डिसेंबर उजाडला. देशभरातल्या निर्वाचकांनी आपापल्या राज्यात जमून मत द्यावे, असा कायद्याने ठरलेला तो दिवस. आणि इकडे मोजणी तर संपलेली नाही! तेव्हा होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात एकाच दिवशी दोन्ही पक्षांचे निर्वाचक जमले. दाखला हाती असलेल्या तिघांनी निक्सन यांना मत दिले. दाखला नसलेल्या तिघांनी केनेडींना मत दिले आणि आपलेही कागद वॉशिंग्टनला धाडून दिले.

या दुसऱ्या तिघांत दोन निवृत्त न्यायाधीश होते. तिसऱ्या होत्या जेनी विल्सन, वय वर्षे ८८. या बाई तरुणपणी राजा कालाकाउआच्या दरबारात नर्तकी होत्या. इओलानी राजवाडा बांधला तो याच राजाने. १८८१ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला असताना तो कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईलाही येऊन गेला होता. जेनीबाई १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नाचल्या. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत त्या साली स्वामी विवेकानंद बोलले, आणि त्याच साली इकडे बाईंच्या देशातले राज्य बुडाले. त्या राजाच्या वाड्यात, सदुसष्ट वर्षांनंतर, ही वृद्ध स्त्री मत द्यायला आली होती. तिचे मत धरले जाईल की नाही याची शाश्वती नव्हती. आणि धरले गेले तरी त्याने काही फरक पडणार नाही, याची मात्र पुरेपूर शाश्वती होती.

मोजणी २८ डिसेंबरला संपली. ३० तारखेला न्यायाधीशांनी निकाल दिला: केनेडी ९२,४१०, निक्सन ९२,२९५. फरक ११५. गव्हर्नर विल्यम क्विन हे निक्सन यांच्या पक्षाचे. पण त्यांनी ४ जानेवारी १९६१ रोजी केनेडींच्या निर्वाचकांच्या दाखल्यावर सही केली. दोनच दिवसांनी, ६ जानेवारीला, वॉशिंग्टनला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत सर्व राज्यांचे लखोटे उघडले गेले. या बैठकीचे अध्यक्षपद उपराष्ट्राध्यक्षाकडे असते; म्हणजे खुद्द निक्सन यांच्याकडे. हवाईचे परस्परविरोधी कागद त्यांच्यासमोर आले. हा पुढच्यासाठी पायंडा समजू नये, असे बजावून त्यांनी स्वतःविरुद्धचे कागद धरावेत असे सुचवले. कोणी हरकत घेतली नाही. आपल्याच पराभवाची घोषणा त्यांनी आपल्याच तोंडाने केली.

हकीगत एवढीच. आता व्यवहारी माणूस विचारील, आणि त्याने विचारावेच, की एवढा खटाटोप कशासाठी? केनेडींचा शपथविधी ठरलेला. निक्सन यांनी केव्हाच पराभव मान्य केलेला. नाताळाच्या दिवसांत माणसांना बसवून पावणेदोन लाखांहून अधिक कागद पुन्हा चाळायचे, आणि शेवटी मिळवायचे काय, तर तीनशेचे तीनशेतीन! ते मोजून काय करायचे होते?

माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक दिवाणजी राहत असत. एका अडत्याच्या पेढीवर त्यांनी उभी हयात काढली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत असे, कारण दुसऱ्या दिवशी वह्यांची पूजा व्हायची आणि त्याआधी ताळा जमायला हवा. एका वर्षी फरक येत होता अवघा सात पैशांचा. मी त्यांना म्हटले, "दिवाणजी, सात पैसे तुम्हीच टाका ना पदरचे, आणि झोपा." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाळ, सात पैसे मी टाकीन रे. पण हा फरक सात पैशांचाच आहे हे तुला कोणी सांगितले? एकीकडे पाचशे जास्त लागले असतील, दुसरीकडे चारशे नव्याण्णव रुपये त्र्याण्णव पैसे. आणि वर दिसताहेत हे सात पैसे."

दिवाणजींचे हे उत्तर हवाईलाही लागू पडते. १४१ ने पुढे असलेला माणूस ११५ ने मागे गेला. म्हणजे २५६ मतांचा झोका त्या शांत दिसणाऱ्या आकड्याच्या पोटात दडलेला होता. लहान फरक हा लहान चुकीचा पुरावा नव्हे. तरीही हे उत्तर मला पुरत नाही, कारण ते अखेर फायद्यातोट्याचेच उत्तर आहे. चूक शोधावी, कारण ती उद्या महागात पडेल, असे ते सांगते. पण जेथे महागात पडायचे काही उरलेच नाही, तेथे काय? पेढीच बंद झाली, मालक काशीला गेला, वह्या रद्दीत जायच्या आहेत. तरीही ताळा जमवावा काय?

येथे मला मराठीतला आणखी एक शब्द मदतीला येतो. इंग्रजीत 'व्होट' वेगळे आणि 'ओपिनियन' वेगळे. आपण दोहोंनाही 'मत' म्हणतो. मतपेटीत टाकतो तेही मत, आणि चारचौघांत विचारले असता सांगतो तेही मत. मत घेणे म्हणजे एखाद्याला काहीतरी विचारणे. आणि मत मोजणे म्हणजे त्याने दिलेले उत्तर ऐकणे.

घरात लग्न ठरते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत असतात, दोन्हीकडचे आईवडील राजी असतात, कार्यालयसुद्धा बघून झालेले असते. तरीही कोणीतरी आत जाऊन आजीला विचारतो, "आजी, तुला कसे वाटते ग?" आजीच्या उत्तराने लग्न मोडणार नसते, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि आजीलाही. तरी विचारावेच लागते. आणि एकदा विचारले की तिचे बोलणे संपेपर्यंत तेथे बसावेही लागते. प्रश्न टाकून उत्तर न ऐकता बाहेर निघून जाणारा नातू, मुळीच न विचारणाऱ्या नातवापेक्षा अधिक अपराधी असतो; कारण न विचारणारा फक्त विसरतो, हा मात्र अपमान करतो.

निवडणुकीच्या निकालाला दोन मालक असतात, असे मला वाटते. एक उमेदवार. त्याचा प्रश्न: कोण निवडून आले? दुसरा मतदार. त्याचा प्रश्न: मी बोललो ते तुम्ही नीट ऐकले काय? पुष्कळदा दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच आकड्यात मिळून जातात, म्हणून ते दोन आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. हवाईत ते वेगळे पडले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोव्हेंबरातच मिळाले होते. दुसऱ्याचे उत्तर मिळाले ३० डिसेंबरला. ज्या माणसांना आयुष्यात प्रथमच हा प्रश्न विचारला गेला होता, त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले गेले. त्या अडीच आठवड्यांचे एवढे एकच फळ. आणि मला ते थोडे वाटत नाही.

कोणी म्हणेल, हे औदार्य स्वस्तातले होते. काही गमवायचे नव्हते म्हणून निक्सन यांनी तीन मते सोडली. दोनशे सोडायची असती तर? शंका रास्त आहे. हेच निक्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि वॉटरगेटच्या प्रकरणात सत्य दडवण्याच्या पायी ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. १९६१ च्या जानेवारीतला सज्जनपणा तेव्हा कामाला आला नाही. म्हणून या गोष्टीचे श्रेय मी एका माणसाच्या मोठेपणाला देत नाही. मोजणी पूर्ण झाली होती, न्यायालयाने निवाडा दिला होता, गव्हर्नरांची सही होती. अध्यक्षस्थानी कोणीही असता तरी त्याला दुसरे काही करणे कठीण गेले असते. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक राहणे सोपे पडते, ती व्यवस्था प्रामाणिक माणसापेक्षा अधिक भरवशाची.

जेथे गमवायचे सर्वस्व होते, तेथे काय घडले, तेही पाहावे. चाळीस वर्षांनी, २००० साली, फ्लॉरिडा राज्यावर सारा देश अडून बसला. त्या राज्याचे निर्वाचक २५. ते ज्याला मिळतील तो राष्ट्राध्यक्ष. सुमारे ५९ लाख ६० हजार मतांतून जॉर्ज बुश यांना अल गोर यांच्यापेक्षा ५३७ मते अधिक, असा आकडा जाहीर झाला. (१९६० चे एकूण निर्वाचकही ५३७ च होते, आकड्यांनाही कधी कधी थट्टेची लहर येते.) मतपत्रिका होत्या भोके पाडायच्या. कोणाचे भोक नीट पडलेले, कोणाच्या कागदाचा तुकडा एका कोपऱ्यावर लोंबकळत राहिलेला, कोणाच्या कागदावर नुसता खळगा. ती हाताने तपासावीत की नाहीत, तपासली तर कोणत्या कसोटीने, यावर वाद झाला. आणि १२ डिसेंबरला तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने मोजणी थांबवली. कसोटी जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळी आहे, आणि नवी कसोटी ठरवून मोजायला मुदत उरलेली नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. विरुद्ध मत देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपल्या निकालपत्रात हवाईची आठवण करून दिली: तेथे तर मुदत उलटून गेल्यावर ४ जानेवारीला आलेला दाखला ग्राह्य धरला गेला होता!

वर्षभराने काही वृत्तपत्रांनी शिकागो विद्यापीठाच्या संशोधनसंस्थेकडून वादातल्या सुमारे पावणेदोन लाख मतपत्रिका तपासून घेतल्या. त्यातून निघाले ते चमत्कारिक होते. गोर यांनी जेवढी फेरमोजणी मागितली होती तेवढीच केली असती, तर बुशच जिंकले असते. राज्यातली वादातली सारी मते तपासली असती, तर गोर अगदी थोडक्यात पुढे गेले असते. म्हणजे मोजण्याचे माप फरकाहून जाड होते. गजाने सुईची जाडी मोजण्यासारखाच तो प्रकार.

अशा वेळी काय करावे? जन्मभर मोजत बसता येत नाही; २० जानेवारीला कोणीतरी शपथ घ्यायला उभे राहावेच लागते. सुटकेचीही माणसाला गरज असते, आणि तिला मी कमी लेखत नाही. आपल्या कायद्यातही मते समसमान पडली तर चिठ्ठी टाकण्याची तरतूद आहे. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि चिठ्ठीने नगरसेवक ठरला. मला त्या चिठ्ठीत एक सचोटी दिसते. ती म्हणते, 'लोकांचा कौल मला कळला नाही. पण खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, म्हणून ही तोड.' सुटकेला ती सत्याचे कपडे चढवत नाही. माझे म्हणणे एवढेच, की निकाल लावून टाकावा लागला तर जरूर लावावा. पण 'आम्हांला कळले' असे तेव्हा म्हणू नये, 'आम्हांला थांबावे लागले' असे म्हणावे. हरलेल्याच्या मतदाराला पहिले वाक्य खोटे वाटते आणि ते तो वर्षानुवर्षे विसरत नाही. दुसरे वाक्य कडू असते, पण गिळता येते.

हवाईच्या गोष्टीला एक शेपूटही आहे, आणि ते सांगितल्यावाचून ती पुरी होत नाही. २०२० च्या निवडणुकीनंतर सात राज्यांत पराभूत बाजूच्या निर्वाचकांनी १४ डिसेंबरला जमून आपलेही कागद तयार केले. (दोन राज्यांत त्यांनी 'न्यायालयाने तसे ठरवल्यास' अशा अर्थाची पुस्ती जोडली.) त्यासाठी दाखला दिला गेला तो हवाईचा. वरून पाहता सारखेच: दोन जथे, दोन कागद. पण हवाईत त्या कागदामागे न्यायालयाच्या हुकमाने चाललेली मोजणी होती, आणि ती मोजणी अखेर त्यांच्याच बाजूने निघाली. या सात राज्यांपैकी एकाचाही निकाल कोणत्याही फेरमोजणीने फिरला नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स लखोटे उघडायला बसले असताना जमावाने ती इमारत फोडली. रात्री काम पुन्हा सुरू झाले आणि पहाटे पेन्स यांनी आपल्याच बाजूचा पराभव जाहीर केला. निक्सन यांनी केले, २००१ मध्ये गोर यांनी केले, तेच. मोजणीशिवाय नुसता कागद म्हणजे उत्तर न ऐकताच 'आजी असे म्हणाली' असे बाहेर येऊन सांगणे.

वाकडेपणा करायचा ठरवलेल्या माणसाला चांगल्या उदाहरणाचाही उपयोग करता येतो, यात नवल नाही. म्हणून उदाहरण टाकाऊ ठरत नाही. उलट त्यातला गाभा कोणता आणि टरफल कोणते, हे अधिक काळजीने पाहावे लागते. हवाईचा गाभा होता तो मोजणीत. आणि अशी मोजणी हाताला वळण लागल्यावाचून होत नाही. सर्वस्व पणाला लागलेले असते त्या दिवशी माणसाला नवे वळण लावून घेता येत नाही. भीती, घाई आणि लोभ तिघेही तेव्हा खांद्याशी उभे असतात. ते वळण लावून घ्यावे लागते ते तीन मतांच्या वेळी, सात पैशांच्या वेळी, आजीच्या खोलीत.

म्हणून यापुढे 'आता मोजून काय करायचे?' असा प्रश्न कानी आला, की तो कोण विचारतो आहे हे मी आधी पाहीन. जिंकलेला विचारत असेल तर त्याला घाई आहे. हरलेला विचारत असेल तर तो दमला आहे. ज्याचे मत त्या पेटीत अजून घडी न उलगडता पडले आहे, त्याने हा प्रश्न विचारलेला मात्र माझ्या ऐकण्यात नाही.